फाशी, इच्छामरण आणि कलम 21 : पार्श्वभूमी

फाशीची बातमी तुरुंगातून येते आणि इच्छामरणाची रुग्णालयातून, म्हणून हे दोन वेगळे विषय आहेत असे वाटते. न्यायालयात मात्र दोन्ही वाद एकाच जागी येऊन पोहोचतात: कायद्याने ठरवलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचाही जीव हिरावून घेता येणार नाही, असे सांगणाऱ्या घटनेच्या कलम 21 पाशी. सरकार माणसाला केव्हा मारू शकते आणि केव्हा मरू देत नाही, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे गेली चार-पाच दशके याच कलमातून काढली जात आहेत. ती काढताना न्यायालयांकडून वाचनाच्या चुका झाल्या आणि त्या दुरुस्त व्हायला वर्षे लागली. 1996 च्या आसपासच्या दोन निकालांमध्ये या चुकांची मुळे सापडतात.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत खुनाला फाशी हाच नियम होता; जन्मठेप द्यायची असेल तर न्यायाधीशाला कारण लिहावे लागे. 1955 च्या दुरुस्तीने हे बंधन काढले. 1973 च्या संहितेने नियम पूर्ण फिरवला: जन्मठेप हा नियम, आणि फाशी द्यायची तर विशेष कारणे लिहायची. 1980 साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक मतांनी फाशी घटनात्मक ठरवली, पण ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ खटल्यांपुरतीच. गुन्हा किती भयंकर आहे एवढे पाहून भागणार नाही. गुन्हेगाराचे वय, त्याची परिस्थिती, तो सुधारण्याची शक्यता हेही पाहिले पाहिजे, असे त्या निकालाने स्पष्ट सांगितले. हे वाक्य पुढे महत्त्वाचे ठरणार होते.

मरणाच्या हक्काचा वाद महाराष्ट्रातूनच वर गेला. मानसिक आजार असलेल्या एका पोलीस शिपायाने मुंबई महापालिकेच्या आवारात स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला आणि त्याच्यावरच आत्महत्येच्या प्रयत्नाचा खटला भरला गेला. 1986 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे दंड संहितेचे कलम 309 घटनाबाह्य ठरवले. 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी तीच भूमिका घेतली. दोनच वर्षांत, मार्च 1996 मध्ये, पाच न्यायाधीशांनी ती उलटवली.

1996 च्या या निकालापाशी जरा थांबायला हवे. तो खटला कोणत्याही रुग्णाचा नव्हता. सुनेला आत्महत्येस प्रवृत्त केल्याबद्दल दोषी ठरलेले सासू-सासरे न्यायालयात आले होते. त्यांचा युक्तिवाद असा: आत्महत्या हा जर हक्क असेल, तर त्याला मदत करणे गुन्हा कसा? घटनापीठाने तो फेटाळला आणि जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असे म्हटले. पण त्याच निकालात एक खिडकी उघडी राहिली. प्रतिष्ठेने जगण्याच्या हक्कात नैसर्गिक शेवटापर्यंतचे आयुष्य येते. मृत्यू अटळ आहे आणि तो सुरू झाला आहे अशा माणसाच्या बाबतीत त्यात प्रतिष्ठेने मरणेही येऊ शकते, असे तिथे लिहिले गेले. ओघात 1993 च्या एका ब्रिटिश निकालाचा उल्लेख झाला. स्टेडियममधल्या चेंगराचेंगरीनंतर कायमचा बेशुद्ध राहिलेल्या तरुणाचे उपचार थांबवू देणारा तो निकाल होता. असा बदल हवा असेल तर तो करणे कायदेमंडळाचे काम आहे, हे मतही त्यासोबत नोंदवले गेले. आपल्या घटनापीठाने तो निकाल मान्य केला की फक्त त्याची माहिती दिली, हे मात्र त्या परिच्छेदांतून सरळ कळत नाही.

पंधरा वर्षांनी यावरच सगळे अडले. मुंबईच्या एका रुग्णालयातली परिचारिका 1973 च्या नोव्हेंबरात झालेल्या अमानुष हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळून होती. तिच्या वतीने एका लेखिकेने याचिका केली. मार्च 2011 मध्ये दोन न्यायाधीशांनी ती फेटाळली, कारण तिची इतकी वर्षे सेवा करणारे रुग्णालयाचे कर्मचारी हेच तिचे खरे आप्त आणि त्यांना ती जगायला हवी होती. मात्र त्याच निकालाने जीवरक्षक उपचार काढून घेण्याला, म्हणजे निष्क्रिय इच्छामरणाला, देशात प्रथमच वाट करून दिली: उच्च न्यायालयाची परवानगी, तीन डॉक्टरांचे मत, मग निर्णय. यासाठीचा आधार असा सांगितला गेला की 1996 च्या घटनापीठाने ब्रिटिश निकालाला मान्यता दिली आहे.

मूळ निकाल काळजीपूर्वक वाचणाऱ्याला हा आधार पटणे कठीण होते. एका स्वयंसेवी संस्थेची 2005 पासूनची याचिका फेब्रुवारी 2014 मध्ये तीन न्यायाधीशांपुढे आली, तेव्हा त्यांनी हेच बोट ठेवले: 2011 चा निकाल ज्या पायावर उभा आहे तो पायाच चुकीच्या समजुतीचा आहे. प्रकरण पुन्हा घटनापीठाकडे गेले. 9 मार्च 2018 रोजी पाच न्यायाधीशांनी सांगितले की 1996 मध्ये इच्छामरणावर कोणतेही बंधनकारक मत दिलेच गेले नव्हते. निष्कर्ष मात्र त्यांनी टिकवला, आणि तो परक्या निकालाऐवजी थेट कलम 21 वर उभा केला. म्हणजे सात वर्षे देशातल्या अतिदक्षता विभागांत जो कायदा होता, त्याचे मुख्य कारणच चुकलेले होते. याच काळात, मे 2015 मध्ये, ती परिचारिका न्यूमोनियाने गेली.

संसद या साऱ्यात कुठे होती? विधी आयोगाने 2006 आणि 2012 असे दोनदा कायद्याची शिफारस केली. 2016 मध्ये सरकारने मसुदा आणला, पण त्यात उपचार केव्हा थांबवावेत याबद्दल रुग्णाने आधी लिहून ठेवलेले इच्छापत्र रद्दबातल धरले होते. तो मसुदाही कायदा झाला नाही. माझ्या मते या इतिहासातली सगळ्यात मोठी घटना हीच न झालेली गोष्ट आहे.

फाशीच्या बाजूला हीच कथा जास्त क्रूरपणे घडली. 1995 च्या डिसेंबरात दिलेल्या आणि 1996 च्या न्यायनिर्णय-अहवालांत छापल्या गेलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात, शिक्षा ठरवताना गुन्ह्याचे स्वरूप महत्त्वाचे, गुन्हेगार नव्हे, असे म्हटले गेले. हे 1980 च्या घटनापीठाच्या थेट विरुद्ध होते. तरी पुढच्या अनेक खटल्यांत तोच दाखला वापरून फाशी कायम झाली. महाराष्ट्रातल्या एका अपहरण-खुनाच्या खटल्यात, 2009 साली, सर्वोच्च न्यायालयाने ही चूक कबूल केली. तोवर त्या चुकीच्या निकषावर दोघांना फासावर चढवून झाले होते. 2012 मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी अशाच आधारावर शिक्षा झालेल्या उरलेल्या कैद्यांची फाशी रद्द करावी म्हणून राष्ट्रपतींना लिहिले. इच्छामरणाच्या निकालातली चूक सुधारता आली. इथे दोघांच्या बाबतीत सुधारायला काही उरले नव्हते.

त्यानंतरचा वाद शिक्षेपेक्षा दयेच्या अर्जाभोवती फिरला. जानेवारी 2014 मध्ये अर्जावरच्या अक्षम्य विलंबामुळे पंधरा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली गेली, आणि अर्ज फेटाळल्यानंतर फाशीपर्यंत किमान चौदा दिवस द्यावेत असे ठरले. याला तात्कालिक संदर्भ होता: 2013 मध्ये दिल्लीत दिलेल्या फाशीची सूचना कुटुंबाला टपालाने, फाशी होऊन गेल्यावर मिळाली होती. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातील दोन बहिणींची फाशी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विलंबाच्याच कारणावरून रद्द केली. गुन्हा अंगावर काटा आणणारा होता, लोकांचा संतापही समजण्यासारखा होता. पण फाईल वर्षानुवर्षे पडून राहिली ती सरकारी कार्यालयांत. 2015 मध्ये विधी आयोगाने दहशतवादाचे गुन्हे वगळता फाशी संपवावी असे सुचवले होते. ती शिफारस तशीच पडून आहे.

अलीकडच्या बदलांची दिशा मात्र दोन्हीकडे उलटसुलट आहे. 2018 च्या निकालाने इच्छापत्रासाठी न्यायदंडाधिकाऱ्याची सही, रुग्णालयाचे वैद्यकीय मंडळ आणि त्यावर जिल्हाधिकाऱ्याने नेमलेले दुसरे मंडळ अशा इतक्या पायऱ्या घातल्या की ती वाट जवळजवळ कोणी चढलेच नाही. जानेवारी 2023 मध्ये न्यायालयाने त्या कमी केल्या: नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे, दोन्ही मंडळे रुग्णालयानेच नेमायची, शक्यतो 48 तासांत मत द्यायचे, दंडाधिकाऱ्याला केवळ कळवायचे. इच्छापत्रे सांभाळायला स्थानिक संस्थांनी अधिकारी नेमण्याची तरतूदही यात आहे, आणि ती अमलात यावी म्हणून मुंबईत एका डॉक्टरांना उच्च न्यायालयात जावे लागले. 1 जुलै 2024 पासून जुने कलम 309 ही गेले. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला आत्महत्येचा प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला.

त्याच दिवशी, 1973 च्या संहितेच्या जागी लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 472 मात्र दुसरीकडे जाते. दयेच्या अर्जासाठी त्यात तीस दिवसांची मुदत आहे, आणि राष्ट्रपती किंवा राज्यपाल त्या निर्णयापर्यंत कसे पोहोचले हे कोणत्याही न्यायालयात तपासता येणार नाही असे लिहिले आहे. 2014 मधले पंधरा जण ज्या दाराने वाचले, ते दार या वाक्यामुळे बंद होते की घटनेतल्या अधिकारांमुळे उघडेच राहते, हा वादाचा पुढचा मुद्दा आहे.