पिठाचे गहू होत नाहीत, तरीही

जून २०१२ मध्ये लिंक्डइनवरच्या सुमारे ६५ लाख पासवर्डांचे हॅश एका रशियन संकेतस्थळावर उघड्यावर आले. कंपनीने माफी मागितली, ज्यांना झळ पोहोचली असं तिला वाटलं त्यांचे पासवर्ड रद्द केले आणि प्रकरण मिटल्यासारखं झालं.

हॅश म्हणजे दळण. पासवर्ड जसाच्या तसा साठवायचा नसतो, दळून ठेवायचा असतो. शा-१ नावाच्या गिरणीत काहीही टाका, ४० अक्षरांची रांग बाहेर पडते. पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत. तुम्ही लॉगिन करता तेव्हा टाकलेला पासवर्ड नव्याने दळून पीठ पिठाशी ताडून पाहतात, बस.

मग चोराला पीठ मिळून काय उपयोग? तो उलटं दळायच्या फंदात पडतच नाही. नेहमीचे पासवर्ड, शब्दकोशातले शब्द, नावं, जन्मसालं असं सगळं तो स्वतःच्या गिरणीत टाकतो आणि निघालेलं पीठ चोरीच्या पिठाशी जुळवत बसतो. शा-१ इतकी वेगवान, की गेम खेळायचं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी दळणं काढतं. त्यात लिंक्डइनच्या त्या पिठात मीठ नव्हतं. (विनोद नाही, संगणकवाले त्याला खरोखरच सॉल्ट म्हणतात.) प्रत्येक खात्याच्या पासवर्डात वेगळी, स्वैर अक्षरं मिसळून दळलं, तर दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ वेगळं निघतं आणि चोराला दर खात्यामागे नवं दळण घालावं लागतं. मीठ नसलं की एक फुटला म्हणजे तो ठेवणारे सगळे फुटले. पुढे बाहेर आलेल्या यादीत ‘१२३४५६’ साडेसात लाखांवर खात्यांना होता! हल्लीच्या बीक्रिप्टसारख्या पद्धती तर मुद्दाम जात्यासारख्या संथ ठेवलेल्या असतात.

पण मला खरी चूक वाटते ती चोरीनंतरची. यादी टाकणारा हॅश फोडायला इतरांची मदत मागत होता. सुमारे ३५ लाख हॅशांची पहिली पाच अक्षरं शून्यांनी झाकलेली होती. ते बहुधा आधीच फुटलेले. मदत मागणारा घरातली सगळी पोती दारात आणून ठेवत नाही. तरीही दिसलं तेवढंच गेलं, असं धरलं गेलं. मे २०१६ मध्ये त्याच चोरीतले ११.७ कोटी ईमेल आणि पासवर्ड-हॅश विकायला आले, तेव्हा कुठे २०१२ पासून न बदललेले सगळे जुने पासवर्ड रद्द झाले. मधली चार वर्षं ज्यांनी तोच पासवर्ड ईमेलला आणि इतर ठिकाणी लावला होता, त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

चोर शिरला होता एका इंजिनियरच्या घरच्या संगणकातून. २०२० मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने येवगेनी निकुलिन या रशियन तरुणाला ८८ महिन्यांची कैद सुनावली. ड्रॉपबॉक्समधली घुसखोरीही त्याच्यावर शाबित झाली.

आपला पासवर्ड अशा याद्यांत आहे का, हे ‘हॅव आय बीन पॉन्ड’ या संकेतस्थळावर तपासता येतं, आणि तिथे कामाला येते तीच जुनी शा-१. पासवर्ड तुमच्याच संगणकावर दळला जातो, ४० पैकी फक्त पहिली पाच अक्षरं तिकडे जातात. तिकडून त्या पाच अक्षरांनी सुरू होणाऱ्या शेकडो हॅशांच्या शेपट्या येतात. त्यांत आपली आहे का, ते तुमचा संगणक घरच्या घरी बघतो.