पार्श्वभूमी : ‘अनलिमिटेड’ होस्टिंग आणि फुगत जाणारा डेटाबेस

सोलापुरातली वेबसाइट कधी बसणार, म्हणजे बंद पडणार, हे कॅलेंडर बघून सांगता येतं. शाळेचे गणवेश शिवणाऱ्यांची मे-जूनमध्ये बसते, कांद्याचे भाव देणाऱ्यांची डिसेंबर-जानेवारीत, आणि पंढरपूर-अक्कलकोटकडच्या खोल्यांचं बुकिंग घेणाऱ्यांची आषाढी एकादशी ते गुरुपौर्णिमा या चार-पाच दिवसांत. एरवी वर्षभर निवांत चालणाऱ्या साइटवर तेव्हा पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ दिसते : डेटाबेसशी जोडणी होऊ शकली नाही. डेटाबेस म्हणजे साइटच्या सगळ्या नोंदींचं कपाट. लगेच आम्हा साइट सांभाळणाऱ्यांना मालकाचा फोन येतो. ‘सर्व्हर डाउन हाय का ओ? आपलं तर अनलिमिटेड हाय की!’

होस्टिंग म्हणजे साइट ठेवायला भाड्याने घेतलेली सर्व्हरवरची जागा. तिच्या पॅकेजवरच्या या ‘अनलिमिटेड’चं मूळ साधारण २००६ ते २०१२ या काळात आहे, म्हणून ही टीपही बहुतेक त्याच काळाभोवती फिरते. त्याआधीचं थोडक्यात. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला खुलं झालं. पानं तयार करणारी पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस, ही जोडीही त्याच वर्षी जगासमोर आली. १९९६ मध्ये होस्टिंगचं खातं सांभाळायला सीपॅनेल आलं आणि १९९८ मध्ये डेटाबेस सांभाळायला पीएचपीमायॲडमिन. सर्व्हरला हुकूम टाइप करून द्यायची काळी खिडकी न उघडता माउसने डेटाबेस तयार करता येऊ लागला, तिथून होस्टिंग हा किरकोळ विक्रीचा माल झाला. २००३ मध्ये वर्डप्रेस हे साइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर आलं आणि साधं माहितीपत्रक म्हणून काढलेली साइटसुद्धा आतून डेटाबेसवर चालू लागली. मालकाला याचा पत्ता नव्हता. त्याने पाच पानांची साइट मागितली होती.

२००५ मध्ये सोलापुरात ब्रॉडबँड आलं ते २५६ केबीपीएसचं. सर्व्हर आपल्याच ऑफिसात ठेवू, असं म्हणणारे तेव्हाही होते. लोडशेडिंगने तो वाद परस्पर मिटवला. इन्व्हर्टरवर पॉवरलूम चालत नाही आणि सर्व्हरही फार वेळ चालत नाही. त्यामुळे साइट अमेरिकेतल्या कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये आणि तिचा ताबा नवी पेठेतल्या किंवा अशोक चौकातल्या डिझायनरकडे, अशी व्यवस्था रूढ झाली. डिझायनर पुन्हा विकता येणारं रिसेलर पॅकेज घ्यायचा, त्याचे तुकडे पाडायचा आणि डोमेन म्हणजे साइटचं नाव, जागा, ईमेल, वर्षातून दोनदा फोटो बदलणं, हे सगळं मिळून एक रक्कम सांगायचा. तिला नाव होतं ‘रिन्यूअल’. गावात होस्टिंग या शब्दाचा अर्थ तेवढाच होता. डोमेन कुणाच्या नावावर आहे, हे कुणी विचारत नसे. बहुतेक वेळा ते डिझायनरच्याच नावावर असे. तो सगळं लबाडीने करत होता असं मला वाटत नाही. विचारणाराच कुणी नव्हता.

आता मूळ शब्दाकडे. सुरुवातीच्या पॅकेजांवर आकडे असत : इतके एमबी जागा, इतके जीबी ट्रान्सफर. हार्डडिस्क स्वस्त होत गेल्या तसे आकडे फुगले, आणि आकड्यांची चढाओढ टोकाला गेल्यावर आकडाच काढून टाकून ‘अनलिमिटेड’ लिहिलं गेलं. यामागचा हिशेब साधा होता. हजारातल्या बहुतेक साइट काही एमबीच वापरतात. त्यांनी न वापरलेली जागा उरलेल्यांना पुन्हा विकता येते. यालाच ओव्हरसेलिंग म्हणतात आणि ते एका मर्यादेपर्यंत बँकांच्या धंद्यासारखंच आहे : सगळे ठेवीदार एकाच दिवशी दारात येत नाहीत, या भरवशावर चालणारं.

घोळ असा की, जागा अमर्याद म्हणून विकली गेली, पण डेटाबेसवर चालणाऱ्या साइटला जागा कधीच कमी पडत नव्हती. तिला कमी पडायच्या त्या तीन गोष्टी : प्रोसेसरचा वेळ, मेमरी आणि डेटाबेसशी एकाच वेळी होणाऱ्या जोडण्या. या तिन्हींना मर्यादा होत्याच, फक्त त्या जाहिरातीत नव्हत्या. अटींच्या पानावर खाली कुठेतरी एक वाक्य असायचं : सर्व्हरच्या साधनांपैकी २५ टक्क्यांहून जास्त साधनं ९० सेकंदांपेक्षा अधिक काळ वापरल्यास खातं थांबवण्यात येईल. किती होस्टांनी हे वाक्य एकमेकांकडून जसंच्या तसं उचललं, त्याची गणतीच नाही. फाइलींच्या संख्येलाही मर्यादा होती, त्याला आयनोड म्हणत. एक-दोन लाखांच्या पुढे गेलात की बॅकअप घेणं बंद, असंही कलम सापडायचं. आणि एका खात्याला एकाच वेळी मिळणाऱ्या डेटाबेसच्या जोडण्या बऱ्याच ठिकाणी २५-३० च्या वर नसत.

खानावळीतल्या अनलिमिटेड थाळीसारखं हे आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी हवी तेवढी वाढतील, त्यात खोट नाही. पण टेबलं आठ आहेत, तवा एकच आहे आणि दारात रांग लागली की जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे येऊन उभं राहण्याची पद्धत आहे. टेबलं किती, हे पाटीवर लिहिलेलं नसतं.

या शब्दावर त्या काळी बराच वाद झाला. काहींनी ‘अनमीटर्ड’ हा शब्द पुढे केला. म्हणजे अमर्याद नव्हे, फक्त आम्ही मोजत नाही. काहींनी ‘वाजवी वापर’ अशी पुरवणी जोडली. वाजवी म्हणजे किती, हे होस्ट ठरवणार. ही शुद्ध फसवणूक आहे, असं म्हणणारा एक पक्ष होता. ज्याला महिन्याला दोन-तीनशे रुपयांत जागा हवी त्याला एवढंच मिळणार, त्यात गैर काय, असं म्हणणारा दुसरा. मला दुसऱ्या पक्षाचं म्हणणं आजही अर्धंच पटतं. स्वस्तात कमी मिळतं, हे मान्य. पण जो आकडा ग्राहकाच्या कामाचा तोच लपवायचा आणि बिनकामाचा मोठ्या अक्षरात छापायचा, याला स्वस्तपणा म्हणत नाहीत. २०१० नंतर प्रत्येक खात्याला प्रोसेसर आणि मेमरीचा ठरावीक वाटा बांधून देणारी व्यवस्था शेअर्ड, म्हणजे अनेक साइटींनी वाटून घेतलेल्या, सर्व्हरवर आली. तेव्हा शेजाऱ्याच्या साइटमुळे आपली बसणं कमी झालं आणि ‘५०८, साधनांची मर्यादा संपली’ असा संदेश दिसू लागला. निदान मर्यादा आहे, हे तरी कबूल झालं.

‘९९.९ टक्के अपटाइम’, म्हणजे साइट तेवढा वेळ चालू राहील ही हमी, हा त्याच घरातला धाकटा भाऊ. ९९.९ म्हणजे महिन्याला सुमारे ४३ मिनिटं आणि वर्षाला पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा. ते ठीक आहे. पण मोजलं काय जातं? बहुतेकदा सर्व्हरने हाकेला ओ दिली की नाही, एवढंच. वेब सर्व्हर जागा आहे आणि डेटाबेस आडवा पडलाय, तर कागदोपत्री साइट चालूच. एका जूनमध्ये आमच्या एका ग्राहकाचं ऑर्डरचं पान सहा तास बंद होतं. होस्टच्या अहवालात तो महिना शंभर टक्के होता.

आता डेटाबेस वाढला की नेमकं काय होतं ते बघू. त्या काळी मायएसक्यूएलमध्ये टेबलं, म्हणजे नोंदींचे तक्ते, मुळात मायआयसॅम प्रकारची तयार होत. एक ओळ लिहायची असली तरी हा प्रकार अख्खं टेबल कुलूपबंद करतो. कांद्याच्या भावांच्या साइटवर लिलाव उरकले की ऑपरेटर आवक आणि दर भरायला बसतो आणि नेमके तेव्हाच शेकडो शेतकरी मोबाइलवर तेच टेबल वाचायला येतात. प्रत्येक नोंदीला सगळे वाचक दाराबाहेर. टेबलात पाचशे ओळी असताना हे जाणवत नाही, पाच लाख झाल्यावर जाणवतं. त्यात शोधाच्या रकान्यावर इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी सोय, नसेल तर विचारूच नका. २०१० च्या शेवटी आलेल्या ५.५ आवृत्तीत इनोडीबी हा मूळ प्रकार झाला. तो एकेका ओळीलाच कुलूप लावतो आणि अचानक बंद पडल्यावर स्वतःला सावरतोही. पण होस्टने आवृत्ती बदलली म्हणून जुनी टेबलं आपोआप बदलत नव्हती. आम्ही २०१५ पर्यंत ‘होस्ट स्लो आहे’ म्हणत तीन होस्ट बदलले. टेबलं मात्र जुनीच घेऊन फिरत होतो.

मराठी साइटींचं आणखी एक दुखणं होतं, जे इंग्रजी सल्ल्यांत कुठेच सापडत नसे. मायएसक्यूएलची मूळ अक्षरसंहिता, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, बरीच वर्षं लॅटिन-१ ही रोमन अक्षरांपुरती होती. तिच्यात युनिकोड मराठी कोंबलं तरी पडद्यावर नीट दिसायचं, कारण टाकताना आणि काढताना एकच चूक व्हायची. होस्ट बदलला की नव्या ठिकाणची जोडणी वेगळी आणि सगळी मराठी एकतर प्रश्नचिन्हं, नाहीतर टोप्या घातलेली रोमन अक्षरं. ज्यांना हे कळलं त्यांनी सगळ्या लिप्या मावणारं यूटीएफ-८ घेतलं, तर त्यातही मेख होती. मायएसक्यूएलचं ‘यूटीएफ-८’ एका अक्षराला तीनच बाइट देणारं होतं. देवनागरीला तीन पुरतात, इमोजीला चार लागतात. त्यामुळे शुभेच्छांच्या मजकुरात मध्येच हात जोडलेले आले की तिथून पुढचं सगळं गायब. चार बाइटवालं यूटीएफ-८-एमबी-४ २०१० मध्ये आलं, वर्डप्रेसने ते २०१५ मध्ये स्वीकारलं आणि मायएसक्यूएलमध्ये मूळ म्हणून बसायला २०१८ ची ८.० आवृत्ती उजाडली. नवा होस्ट निवडताना तिथे डेटाबेसची कोणती आवृत्ती आहे, हा प्रश्न मराठी माणसाने सगळ्यात आधी विचारायचा तो यासाठी.

डेटाबेस हलवायचा म्हटला तरी अडचण होतीच. पीएचपीची फाइल चढवण्याची मूळ मर्यादा २ एमबी. होस्ट ती ५० पर्यंत वाढवून देत. तीनशे एमबीचा डंप, म्हणजे अख्ख्या डेटाबेसची काढलेली फाइल, त्या खिडकीतून जात नाही. एसएसएच, म्हणजे दुरून थेट सर्व्हरला हुकूम देण्याची सोय, मिळत असेल तर पाच मिनिटांचं काम, नसेल तर सपोर्टच्या पाया पडणं. स्वस्त पॅकेजात एसएसएच नसे, म्हणून लोक वाईट होस्टकडेच अडकून राहत.

यानंतरच्या गोष्टी भराभर घडल्या. पुस्तकं विकून मोठ्या झालेल्या ॲमेझॉन या अमेरिकी कंपनीने ऑगस्ट २००६ मध्येच तासाच्या भाड्याने सर्व्हर देणं सुरू केलं होतं. पण सोलापुरात त्याची चर्चा सुरू झाली ती २०१३ च्या पुढे, स्वस्त व्हीपीएस, म्हणजे मोठ्या सर्व्हरचा आपल्यापुरता वेगळा तुकडा, आल्यावर. ‘शेअर्ड सोडा, व्हीपीएस घ्या’ हा सल्ला तेव्हा सगळेच देत. मीही दिला. एक जीबी मेमरीच्या मशीनवर वेब सर्व्हर, पीएचपी आणि मायएसक्यूएल तिन्ही बसवायचे. गर्दी झाली, मेमरी संपली, की लिनक्स सगळ्यात जास्त मेमरी खाणारी प्रक्रिया मारतो. ती बहुधा मायएसक्यूएलच. म्हणजे पुन्हा तीच पांढरी ओळ, फक्त आता फोन करायला सपोर्टसुद्धा नाही. तिकडे डिसेंबर २०१५ मध्ये पीएचपी ७ आलं. वेग जवळपास दुप्पट झाला, पण डेटाबेसशी बोलणारी जुनी फंक्शनं काढून टाकली गेली. गावात हाताने लिहिलेल्या कित्येक साइट होस्टने आवृत्ती बदलताच कोऱ्या झाल्या. जो होस्ट जुनं पीएचपी चालू ठेवत होता त्याला लोक ‘भरवशाचा’ म्हणू लागले. सुरक्षेच्या दृष्टीने तोच सगळ्यात धोक्याचा.

जून २०१६ मध्ये ॲमेझॉनने मुंबईत डेटा सेंटर उघडलं आणि अंतराचा प्रश्न बदलला. अमेरिकेला जाऊन-येऊन पाव सेकंद लागायचा, तो काही मिलिसेकंदांवर आला. काहींनी मात्र उत्साहात साइट मुंबईला आणली आणि डेटाबेस जुन्याच ठिकाणी ठेवला. एका पानासाठी डेटाबेसला ६० प्रश्न विचारणारी साइट असेल आणि प्रत्येक फेरीला फक्त ३० मिलिसेकंद लागत असतील, तरी १.८ सेकंद नुसत्या प्रवासात जातात. सर्व्हर वाचकाच्या जवळ हवा, पण डेटाबेस सर्व्हरच्या त्याहून जवळ हवा.

मग १० मार्च २०२१. फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला एका मोठ्या होस्टचं डेटा सेंटर जळालं. ज्यांचे बॅकअप त्याच आवारात होते त्यांच्यापैकी अनेकांचं सगळं गेलं. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून आपल्याकडे कार्डावरून परस्पर होणाऱ्या वसुलीचे नियम कडक झाले. परदेशी होस्टांची ऑटो-रिन्यूअल अडकू लागली. सूचनेचे ईमेल जात होते, पण ते डिझायनरच्या २००९ सालच्या पत्त्यावर. एप्रिल २०२२ च्या सरकारी निर्देशांनी लॉग, म्हणजे सर्व्हरच्या वापराच्या नोंदी, १८० दिवस ठेवणं आलं, ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक विदेचा, म्हणजे डेटाचा, कायदा संमत झाला. गणवेशाच्या साइटवर मुलांची नावं, इयत्ता आणि मापं असतात, त्यामुळे बॅकअप कुठे ठेवला आणि तो कोण उघडू शकतं, याला आता वेगळं वजन आहे.

यंदा मार्चमध्ये एका गणवेशवाल्यांनी दोन होस्टांचे दर समोर ठेवून सल्ला मागितला. दर बाजूला ठेवून आम्ही सध्याच्या होस्टकडून आदल्या रात्रीचा बॅकअप मागवला आणि रिकाम्या खात्यावर लावून बघितला. दोन दिवसांनी फाइल मिळाली, लावायला तीन तास लागले. ऑर्डरी सगळ्या आल्या, रकमाही जुळल्या. फक्त ‘बाही’, ‘कॉलर’ आणि ‘कंबर’ यांच्या जागी प्रश्नचिन्हं होती.