बिडी सुटली आणि गोळी चढली

तात्यांनी आषाढीला पंढरपुरात माळ घातली. मटण सोडलं आणि त्याच झटक्यात चाळीस वर्षांची बिडीही सोडली. सगळ्या आळीनं कौतुक केलं. पंधरा दिवस झाले असतील, तात्या ताटावर बसल्याबसल्या पेंगू लागले. हात थरथरायचे, चालताना पाय ओढायचे. एकदा पहाटे उठताना अंधारी येऊन न्हाणीत पडले. काकू म्हणाल्या, "माळ सोसंना झालीय." मुलाला शुगरची शंका आली. शुगर नीट निघाली.

तालुक्याच्या डॉक्टरांनी कागद चाळला आणि विचारलं, "बिडी किती चालू आहे?"

"एकबी नाही. माळ घातल्यापासून बंद."

"मग मला सांगायचं नाही का?"

बिडी सोडली हे डॉक्टरला कशाला सांगायचं, असं कुणालाही वाटेल. पण तात्या गेली चार वर्षं ओलान्झापीनची गोळी घेत होते, आणि या गोळीचं बिडीशी जुनं वैर आहे.

गोळी कशासाठी होती ते आधी सांगतो. शेजारी रात्री बांध कोरतो, असं तात्या म्हणायचे. मराठवाड्यात बांध कोरणं म्हणजे काही भ्रम नाही, निम्मी भांडणं त्यावरूनच होतात. त्यामुळं घरच्यांनाही सुरुवातीला ते खरंच वाटलं. रीतसर मोजणी आणली, बांध जागच्या जागी निघाला. तात्या म्हणाले, "मोजणीवालाबी त्याला सामील हाय." आजार दिसला तो इथं. पुरावा समोर ठेवला की समजूत ढिली होण्याऐवजी पुराव्यालाच पोटात घेते. रोज सकाळी गाठी मारलेली दोरी घेऊन ते बांधावर जायचे. "इतभर गेला बघा. रातच्याला कोरायलेत." बाकी माणूस एकदम शाबूत. सोयाबीनचा भाव तोंडपाठ, सोसायटीचं कर्ज वेळेवर. डिल्युजनल डिसऑर्डर म्हणतात तो हा. किमान महिनाभर टिकलेला पक्का भ्रम, आणि त्यापलीकडं वागण्यात फारसं काही वावगं नाही. हजारात साधारण दोघांना आयुष्यात कधीतरी हा होतो. अशा माणसाला घरचे 'वेडा' म्हणत नाहीत, 'हेकट' म्हणतात, आणि त्यातच वर्षं जातात.

मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं. कुठली गोष्ट महत्त्वाची, कुठली सोडून द्यायची, याचा शिक्का मारण्यात त्याचा मोठा हात असतो. हा शिक्का भलतीकडं पडू लागला, तर ढेकूळ फुटलेलं दिसलं तरी त्यात कट दिसतो. शितिज कपूर या मनोविकारतज्ज्ञांनी 2003 मध्ये हा विचार नीट मांडला. ओलान्झापीनसारखी औषधं डोपामिन जिथं येऊन चिकटतं त्या जागा अडवतात. शिक्क्याची शाई पातळ होते म्हणा. तात्यांची समजूत पुसली गेली नाही, तिची धग गेली. शेजारी बांध कोरतो असं ते अजूनही म्हणतात, पण दोरी आता गोठ्यात वासराला बांधलीय.

आता बिडी. औषधाचा हौद समजा. रोज रात्री एक गोळी ओतायची, आणि खालच्या भोकातून पाणी निघून जायचं. हे भोक यकृतात आहे. तिथलं सीवायपी वन ए टू नावाचं विकर (एन्झाइम) ओलान्झापीन मोडून टाकतं. बिडीच्या धुरात अर्धवट जळाल्यामुळं तयार झालेली हायड्रोकार्बनं असतात. ती यकृताला हे विकर जास्त बनवायला लावतात, म्हणजे भोक मोठं होतं. धूम्रपान करणाऱ्यांच्या शरीरातून ओलान्झापीन सुमारे 40 टक्के जास्त वेगानं बाहेर पडतं. सिगारेटच्या अभ्यासांत दिवसाला 7 ते 12 सिगारेटींना हा परिणाम जवळजवळ पुरता दिसतो. तात्यांचं रोजचं एक बंडल होतं. डॉक्टरांनी डोस बसवला तो बंडल ओढणाऱ्या तात्यांना. धूर थांबला, आठवडाभरात भोक आखडलं, वरून ओतणं मात्र तेवढंच. हौद भरून वाहणारच.

गंमत अशी की यात निकोटिनचा काही दोष नाही. तंबाखू-चुना मळून खाणाऱ्याच्या यकृतात असं काही होत नाही. त्यामुळं बिडी सोडून तंबाखूची पुडी धरली, तरी गोळीच्या दृष्टीनं ती बिडी सुटल्यातच जमा. (कॅन्सरच्या दृष्टीनं नव्हे, हे सांगायला नको.) चहातलं कॅफिनही हेच विकर मोडतं. बिडी सोडलेल्याला नेहमीच्याच चार कप चहानं धडधड होते, झोप उडते, आणि खापर फुटतं बिडी सोडण्यावर.

उलट बाजू जास्त घातक. माणूस दवाखान्यात भरती होतो, तिथं बिडी बंद, डोस तसा बसतो. घरी येतो, पारावर बसतो, बंडल सुरू. रक्तातलं औषध उतरतं आणि संशय परत डोकं वर काढतो. घरचे म्हणतात, "गोळ्या चालू हायत, तरी गुण नाही. बाहेरचं असंल." मग देवऋषी. क्लोझापीन या याच जातीच्या औषधाचंही असंच होतं. त्याच जातीचं रिस्पेरिडोन मात्र वेगळ्या विकरानं मोडतं, त्याला बिडीचं सोयरसुतक नाही.

गांजाचं दुखणं दुहेरी. धूर विकर वाढवतो तो वेगळाच, आणि त्यातलं नशा आणणारं रसायन, टीएचसी, भ्रमाला थेट खतपाणी घालतं. दारूची तऱ्हा आणखी वेगळी. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या डोक्यात बायकोबद्दलचा संशय घर करतो. ऊसतोडीला कोयत्यावर गेलेल्या जोडप्यात, चार हाताच्या पालात, हा संशय काय करत असेल याचा विचार करा. नशा सुटून महिना झाला तरी भ्रम जात नसेल, तर मूळ आजार वेगळा धरतात. पण रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू बिडीसारखी एका झटक्यात सोडू नये. दोन-तीन दिवसांत फिट्स, भास, भ्रमिष्टपणा (वात) होऊन जीवावर बेततं. शेजारच्या तेलंगणात शिंदीत अल्प्राझोलाम, डायझेपाम ही गुंगीची औषधं मिसळल्याची प्रकरणं झाली आहेत. तशी शिंदी अचानक तुटली तरी हेच. ही सोडवणूक डॉक्टरच्या नजरेखालीच व्हावी. दवाखाना लांब असेल तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

डॉक्टरांनी तात्यांची गोळी 15 मिलिग्रॅमवरून 10 वर आणली. दहा-बारा दिवसांत पाय उचलू लागले. कागदावर औषधाच्या नावाखाली त्यांनी "बिडी बंद" असं लिहिलं आणि पुढं तारीख टाकली. दसऱ्याला पाहुणे आले, तेव्हा तात्या गोठ्यामागं ओढताना सापडले. सुनेनं लगेच फोन लावला, "डॉक्टर, आज चार झाल्या."

"आजच्यापुरत्या," डॉक्टरांनी विचारलं, "का रोज चालू झाल्यात?"