सुईएवढं भोक

कुत्रा चावला की घरात धावपळ उडते. मांजराने बोटाला दात लावला तर मात्र चिमूटभर हळद दाबायची आणि कामाला लागायचं. दिसतं तरी काय? सुईच्या टोकाएवढी दोन भोकं. फसगत होते ती इथेच.

कुत्र्याच्या दातांनी मांस फाटतं, जखम उघडी राहते, धुता येते. मांजराचा सुळा बारीक नि अणकुचीदार. तो खोल शिरतो, बाहेर निघताच कातडी मिटते आणि तोंडातले जिवाणू आत कोंडले जातात. हाताच्या कातडीखाली तर लगेच सांधे आणि स्नायुबंध. तिथे पू धरला की बोट कायमचं आखडू शकतं.

यातला मुख्य जिवाणू पाश्चुरेला मल्टोसिडा. धडधाकट मांजरांच्या तोंडातही तो सुखाने नांदतो. नाव लुई पाश्चरवरून. कोंबड्यांच्या कॉलऱ्याचा हाच जंतू मवाळ करून त्यांनी १८८० च्या सुमारास लस बनवली होती. माणसात तो फार घाई करतो. सकाळी चावा, रात्री सूज आणि ठणका.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी हाताला मांजर चावलेल्या १९३ रुग्णांची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. ५७ जणांना दाखल करावं लागलं, ३८ जणांवर शस्त्रक्रिया झाली. हे दवाखान्यात पोचलेले लोक, म्हणजे प्रत्येक चाव्याला हा हिशेब लावू नये. पण चाव्यानंतर उपचाराला यायला त्यांना सरासरी २७ तास लागले होते. जिवाणूला तेवढे पुरतात.

म्हणून चावल्याबरोबर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आपल्याकडे रेबीज आणि धनुर्वाताच्या लशीचाही प्रश्न असतोच. मागच्या आजारातली उरलेली अँटिबायोटिकची गोळी घेऊ नका: सेफालेक्सिन किंवा एरिथ्रोमायसिन या जिवाणूवर लंगडं पडतं. डॉक्टर सहसा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक आम्ल देतात.

बोक्यांच्या मारामारीतही हेच घडतं, फक्त केसांमुळे भोक दिसत नाही. दोन-चार दिवसांनी बोका मलूल होतो, जेवत नाही आणि गालावर किंवा शेपटीच्या बुडाशी गळू हाताला लागतं. ते पशुवैद्याकडून साफ करून घ्यायचं. ताप आहे म्हणून घरातली पॅरासिटामॉल मात्र त्याला चुकूनही देऊ नका. एका गोळीनेही मांजर दगावू शकतं.