अ‍ॅरेतले डुप्लिकेट काढणं सोपं, पण डुप्लिकेट कशाला म्हणायचं?

समजा गोव्यातल्या एखाद्या भजन स्पर्धेची नावनोंदणी ऑनलाईन ठेवली, तर गावाच्या रकान्यात काय काय येईल बघा. कोण म्हापसा लिहिणार, कोण मापुसा, कोण डिचोली तर कोण बिचोली, आणि एखादा म्हापसा लिहून शेवटी एक स्पेस सोडणार जी कोणाला दिसणारच नाही. हा सगळा माल प्रोग्रामच्या हातात येतो तो अ‍ॅरे म्हणून, म्हणजे ओळीने लावलेली यादी, आणि त्यातून गावांचा ड्रॉपडाऊन बनवायचा तर प्रत्येक गाव एकदाच यायला हवं.

सगळ्यात साधी पद्धत म्हणजे प्रत्येक नाव आधीच्या सगळ्या नावांशी ताडून बघायचं. शंभर नावांना काही वाटत नाही, पण 10,000 नोंदी असतील आणि सगळ्या वेगळ्या निघाल्या तर जवळजवळ 5 कोटी वेळा तुलना होते. यावरचा उपाय म्हणजे हॅशिंग, ही कल्पना 1953 साली आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी मांडली होती. पोस्टात पत्रं वेगवेगळ्या खणांत टाकतात ना तसंच, नावावरून गणित करून एक खणाचा नंबर काढायचा आणि फक्त त्या खणात बघायचं की हे नाव आधी आलंय का. कधी दोन वेगळी नावं एकाच खणात पडतात, मग तिथे खरी तुलना करावीच लागते, पण ती दोनचार नावांशीच.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत 2015 च्या आवृत्तीत सेट आला, म्हणजे प्रत्येक गोष्ट एकदाच ठेवणारा साठा, तो साधारण याच तत्त्वावर. अ‍ॅरे सेटमध्ये ओतायचा, परत अ‍ॅरे करायचा, एका ओळीत काम, आणि नावांचा मूळ क्रमही टिकतो. सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपी भाषेत याच कामाला अ‍ॅरे युनिक नावाचं फंक्शन आहे, पण ते उरलेल्यांचे जुने नंबर तसेच ठेवतं, मधे भोकं पडतात, आणि असा अ‍ॅरे जेसन, म्हणजे डेटा पाठवायच्या मजकुराच्या साच्यात, करून पाठवला की ब्राउझरला यादीऐवजी ऑब्जेक्ट मिळतो, म्हणजे नंबर आणि नाव अशा जोड्या. अ‍ॅरे व्हॅल्यूज हे दुसरं फंक्शन लावून नंबर परत सरळ केले की झालं.

पण मला खरा महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग, आणि मराठीत काम करणाऱ्यांनी तर तो नीट समजून घ्यायलाच हवा. कॉम्प्युटर अक्षर बघत नाही, अक्षरामागचे कोड बघतो. 'वारकऱ्यांचं मंडळ' हेच घ्या, यातला ऱ युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना कोड देणाऱ्या तक्त्यात, एकाच कोडने लिहिता येतो, किंवा साधा र आणि खाली नुक्ता म्हणजे टिंब असा दोन कोडनेही. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, सेटसाठी मात्र दोन वेगळी मंडळं! त्यासाठी नॉर्मलाईझ नावाचं फंक्शन आहे, ते आधी लावलं की दोन्ही एक होतात. तरी एक उरतंच, काही जुने कीबोर्ड हाच अर्धा ऱ काढायला र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह वापरतात, त्याला नॉर्मलाईझ हात लावत नाही, ते आपणच शोधून बदलायचं. शेवटच्या स्पेससाठी ट्रिम आहे. आणि म्हापसा-मापुसा? तिथे कुठलंच फंक्शन चालत नाही, गावांच्या नावांचा तक्ता गोव्यातल्याच कोणीतरी बसून करायला हवा.

माणसांच्या बाबतीत उलटा धोका. एकाच गावात एकाच नावाचे दोन नाईक सहज असतात, त्यामुळे नावावरून डुप्लिकेट काढले तर खऱ्या माणसाची नोंदणी उडते, हे मला अजिबात पटत नाही. फोन नंबर धरा, पण आधी +91 आणि पुढचा शून्य काढून, लँडलाईन असेल तर 0832 या गोव्याच्या एसटीडी कोडचं काय ते ठरवून. मग नंबरला किल्ली करून मॅपमध्ये, म्हणजे प्रत्येक किल्लीसमोर एकच नोंद ठेवणाऱ्या साठ्यात, भरा, फक्त मॅपमध्ये नंतर आलेली नोंद आधीचीला पुसून टाकते, म्हणून पुसण्याआधी ती जुनी नोंद वेगळ्या अ‍ॅरेत ठेवा, म्हणजे कोणाचा फोन आला तर दाखवता येईल.