‘हिला जमायचं नाही’ हे मोजमाप नव्हे

‘अंग जड आहे.’ ‘सांधे कडक आहेत.’ ‘उशिरा आणलीत, पाचव्या वर्षीच यायला हवं होतं.’ जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्ये अशी वाक्यं सहज कानावर पडतात. बोलणारा प्रशिक्षक अनुभवी असतो, त्यामुळे पालकांना ते डॉक्टरांच्या निदानासारखं वाटतं. इकडे घरी तीच मुलगी भिंतीला पाय टेकवून हँडस्टँड करत असते आणि उद्याच्या क्लासची वाट बघत असते. मग विश्वास कोणावर ठेवायचा?

मुलीची आजची स्थिती प्रशिक्षकाला आपल्यापेक्षा नक्कीच चांगली कळते. खांदे किती उघडतात, पोटाच्या स्नायूंत किती जोर आहे, हे त्याने सांगावं आणि आपण ऐकावं. पण ‘पुढे काही होणार नाही’ हा अंदाज झाला, आणि वयात येण्याआधीच्या मुलांबद्दलचे असे अंदाज फार बेभरवशाचे असतात. एकाच वर्गातल्या दोन मुलींच्या शारीरिक वाढीत दोन-तीन वर्षांचं अंतर सहज असू शकतं. मुलींची उंची साधारण 12व्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते, मुलांची 14व्या वर्षाच्या आसपास. कोणाची गाडी आधी सुटते, कोणाची नंतर.

नेमक्या याच काळात ‘आळशी झालीये’, ‘वजन वाढलंय’ हे शेरे सुरू होतात. इथे थोडं भौतिकशास्त्र बघू. समजा, मुलीची उंची 140 सेंटिमीटरवरून 154 झाली, म्हणजे 10 टक्के वाढली आणि शरीराची ठेवण तशीच राहिली. वजन उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे साधारण 33 टक्क्यांनी. स्नायूची ताकद त्याच्या जाडीवर, म्हणजे काटछेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. ती वाढते सुमारे 21 टक्क्यांनी. आणि हवेत कोलांटी घेताना शरीर फिरायला जो विरोध करतं, ज्याला जडत्व आघूर्ण म्हणतात, तो उंचीच्या पाचव्या घातानुसार वाढतो: तब्बल 61 टक्क्यांनी! उडी मात्र फारशी उंच झालेली नसते, त्यामुळे हवेत मिळणारा वेळ जवळपास तेवढाच. दोन वर्षांपूर्वी सहज होणारी बॅकफ्लिप आता अर्धवट राहते, यात मुलीच्या मेहनतीचा दोष शोधणं म्हणजे गणिताशी भांडणं आहे. प्रत्यक्ष शरीर इतकं काटेकोर प्रमाणात वाढत नाही हे खरं, पण दिशा हीच असते. नव्या लांबीच्या हातापायांशी मेंदूला जुळवून घ्यायला काही महिने लागू शकतात. या काळात मूलभूत ताकदीवर भर द्यायचा आणि अवघड कसरती थोड्या मागे ठेवायच्या, हे समजूतदार प्रशिक्षक न सांगता करतो.

याच वयात हाडांच्या टोकांशी असलेली वाढीची कूर्चा नाजूक असते. जिम्नॅस्टिक्समध्ये शरीराचा भार वारंवार हातांवर येतो, त्यामुळे मनगटाजवळ तिला इजा होणं या खेळात नेहमीचं आहे. मनगट दुखतंय म्हणणाऱ्या मुलीला ‘नाटकं नकोत’ हे उत्तर मिळत असेल, तर तो कडकपणा नाही, अडाणीपणा आहे.

आता बोलण्याच्या परिणामाकडे. अंगवळणी पडलेली हालचाल आपोआप घडते. ‘चुकलं तर सर ओरडतील’ ही भीती मनात शिरली की लक्ष स्वतःच्या गुडघ्या-कोपरांवर जातं आणि जमलेली गोष्टही अडखळते. मग प्रशिक्षकाला वाटतं, बघा, मी म्हणालो होतो!

उलटं करून पाहिलं तर काय होतं? बार्नेट, स्मॉल आणि स्मिथ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1992मध्ये मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. काही प्रशिक्षकांना थोडक्या तासांचं प्रशिक्षण दिलं होतं: प्रयत्नाला दाद द्या, चूक झाली की धीर देऊन पुढे काय करायचं ते सांगा, शिक्षा टाळा. पुढच्या वर्षी त्यांच्याकडच्या मुलांपैकी 5 टक्के मुलांनी खेळ सोडला. इतर प्रशिक्षकांकडच्या मुलांत हे प्रमाण 26 टक्के होतं. सामने जिंकण्या-हरण्यात मात्र फरक नव्हता. म्हणजे ओरडण्याने विजय वाढत नव्हते, मुलं मात्र टिकत नव्हती.

दीपा कर्माकरच्या पायांचे तळवे सपाट होते, जे या खेळात मोठी उणीव मानली जाते. 2016च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती व्हॉल्ट या उडीच्या प्रकारात चौथी आली. उझबेकिस्तानची जिम्नॅस्ट ओक्साना चुसोवितिना 46व्या वर्षी टोकियोत आपलं आठवं ऑलिंपिक खेळली. अर्थात अशी नावं मुलीला ऐकवताना जरा जपून. ती अपवादात्मक माणसं आहेत, आणि तिला कदाचित ऑलिंपिक नकोच असेल, फक्त कार्टव्हील सरळ रेषेत यायला हवी असेल. तेवढंही कारण पुरेसं आहे. लहानपणी हौसेने केलेल्या जिम्नॅस्टिक्सनेही हाडं मजबूत होतात.

ही आवड सांभाळायची तर पालकांनी घरी दुसरा प्रशिक्षक होऊ नये. बक्षिसाचं आमिषही नको. लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 1973च्या प्रयोगात, चित्रं काढली तर प्रशस्तिपत्र देऊ असं आधी सांगितलेली मुलं नंतर मोकळ्या वेळात इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांकडे वळली. गाडीत ‘आज काय काय जमलं?’ असं विचारलं की परीक्षा सुरू होते. त्याऐवजी ‘आज मजा कशात आली?’ विचारावं आणि गप्प बसावं.

प्रशिक्षकाशी बोलायचंच, पण मुलीसमोर नाही. ‘तुम्ही तिला का बोलता?’ यापेक्षा ‘पुढच्या तीन महिन्यांत तिने नेमकं काय सुधारावं?’ हा प्रश्न जास्त कामाचा. ज्याला शिकवायचं आहे तो ठोस उत्तर देतो, भले तोंडाने तिखट असेल. उत्तर ‘काही उपयोग नाही’ एवढंच असेल, तर क्लास बदलायला हवा. वजनावरून चारचौघांत टोमणे, जेवण कमी करायचा सल्ला, दुखत असताना करायला लावलेला सराव, यांपैकी काहीही दिसलं तर तीन महिने थांबायचंही कारण नाही. ब्रिटनमधल्या जिम्नॅस्टिक्सची चौकशी करणाऱ्या 2022च्या व्हाइट अहवालात नेमके हेच प्रकार पानोपानी आले आहेत.

नव्या ठिकाणी ट्रायल क्लासला जाल तेव्हा भिंतीवरची पदकं नंतर मोजा. एखादं मूल बॅलन्स बीमवरून पडलं की प्रशिक्षक पहिलं वाक्य काय बोलतो ते ऐका. ‘लागलं का? बरं, आता नजर बीमच्या टोकाला ठेवून परत ये,’ असं काही कानावर आलं, तर फी विचारायला हरकत नाही.