दृष्टिपटलाचं काम उसनं कसं करायचं?

डोळ्याच्या मागच्या भिंतीवर दृष्टिपटल, म्हणजे रेटिना, नावाचा जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा पडदा असतो. त्यात प्रकाश टिपणाऱ्या सुमारे १२ कोटी पेशी आहेत. तिथून मेंदूकडे निघणाऱ्या ऑप्टिक नर्व्हमध्ये मात्र तंतू असतात १० ते १२ लाख. एवढ्या अरुंद वाटेने सगळंच पाठवता येत नाही. काय पाठवायचं आणि काय गाळायचं, हे दृष्टिपटलालाच ठरवावं लागतं. अंधत्वावरच्या उपचारांची खरी गोम इथेच आहे.

प्रकाश टिपणाऱ्या पेशींची रीतच उलटी. अंधारात त्या ग्लुटामेट हे रसायन सतत सोडत राहतात आणि उजेड पडला की हात आखडता घेतात. पुढच्या द्विध्रुवी पेशी दोन गटांत विभागलेल्या असतात : काही उजेड वाढला की जाग्या होतात, तर काही उजेड घटला की. त्यांचा संदेश गँग्लिऑन पेशींकडे जातो आणि या पेशींचे लांब तंतू म्हणजेच ऑप्टिक नर्व्ह.

स्टीफन कफ्लर यांनी १९५३ मध्ये मांजराच्या गँग्लिऑन पेशींवरचं संशोधन प्रसिद्ध केलं. दृष्टिपटलाच्या ज्या छोट्या टापूवर एक पेशी नजर ठेवते, त्याच्या मधोमध प्रकाशाचा ठिपका पाडला की ती जोरात संदेश पाठवी; भोवती कडं पाडलं की गप्प होई; सगळा टापू एकसारखा उजळला, तर तिला फारसा फरकच पडत नसे. (काही पेशींचं नेमकं याच्या उलट.) म्हणजे पेशी उजेड किती आहे ते सांगत नाही, शेजारच्या जागेपेक्षा तो कमी आहे की जास्त ते सांगते. भर उन्हात छापील पान धरून बघा. तिथल्या काळ्या अक्षरावरून डोळ्यात येणारा प्रकाश घरातल्या कोऱ्या कागदावरून येणाऱ्या प्रकाशापेक्षा जास्त असू शकतो. तरी अक्षर काळंच दिसतं! मला या विषयातलं हे सर्वांत विलक्षण वाटतं. मेंदूत याच फरकांपासून कडा आणि रेषा ओळखल्या जातात. त्या शोधासाठी ह्यूबेल आणि वीझेल यांना १९८१ चं नोबेल मिळालं.

रेटिनायटिस पिगमेंटोसा या आनुवंशिक आजारात प्रकाश टिपणाऱ्या पेशी मरतात, पण गँग्लिऑन पेशींपैकी बऱ्याच पुढे कित्येक वर्षं टिकून असतात. मग त्यांनाच विजेने डिवचलं तर? अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळालेल्या ‘आर्गस टू’ या डोळ्यात बसवायच्या यंत्रात यासाठी ६० इलेक्ट्रोड होते. रुग्णांना प्रकाशाचे ठिपके दिसले, काहींना दाराची चौकट कळू लागली. पण एक इलेक्ट्रोड आजूबाजूच्या सगळ्याच पेशींना एकदम चेतवतो. ‘उजेड वाढला’ आणि ‘उजेड घटला’ हे दोन्ही निरोप मेंदूला एकाच क्षणी मिळतात. पुढे या यंत्राचं उत्पादनही थांबलं आणि ज्यांच्या डोळ्यात ते बसवलं होतं, ते दुरुस्तीविना राहिले. रुग्णांवर अशी वेळ येता कामा नये.

‘प्रिमा’ या चिपची युक्ती मला जास्त पटते. दोन बाय दोन मिलिमीटरची, ३७८ बिंदूंची ही चिप दृष्टिपटलाच्या खाली, मेलेल्या पेशींच्या जागी बसते. चष्म्यातला कॅमेरा तिच्यावर अवरक्त किरणांनी चित्र टाकतो. चेतवल्या जातात त्या मुख्यतः द्विध्रुवी पेशी, त्यामुळे पुढचं बरंचसं काम दृष्टिपटल स्वतःच करतं. वयोमानाने दृष्टीचा मधला भाग गेलेल्या रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल २०२५ मध्ये आले. वर्षभर चाचणीत टिकलेल्या ३२ जणांपैकी २६ जणांची अक्षरं वाचण्याची क्षमता लक्षणीय सुधारली. दिसतं ते अजून कृष्णधवलच.

दुसरी वाट शेवाळातून आली आहे. शेवाळातल्या प्रकाशसंवेदी प्रथिनाचा जनुक विषाणूमार्फत गँग्लिऑन पेशींत सोडायचा, म्हणजे त्या स्वतःच प्रकाश टिपू लागतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ५८ वर्षांच्या एका अंध रुग्णाला खास चष्मा लावून, अनेक महिन्यांच्या सरावानंतर, टेबलावरच्या वस्तू शोधता आणि मोजता आल्या.

काचबिंदूत मात्र गँग्लिऑन पेशी आणि त्यांचे तंतूच मरतात, त्यामुळे यांपैकी काहीच उपयोगी पडत नाही. तिथे थेट मेंदूच्या दृष्टिकेंद्रावर इलेक्ट्रोड बसवावे लागतात. १९६८ मध्ये ब्रिंडली यांनी तसं करून प्रकाशाचे ठिपके दाखवता येतात हे सिद्ध केलं होतं. ठिपक्यांतून ओळखू येणारा आकार घडवायचा, तर जे काम दृष्टिपटल करतं ते सगळं बाहेरच्या संगणकाला करावं लागेल, आणि त्यावर आजही संशोधन सुरू आहे.